१, ९, २५, ४१: नेटवर्कवरच्या सहकाराच्या प्रकल्प नोंदी

१९ ऑगस्ट २०२४

प्रबंधाचा विषय आज पक्का झाला. एकमेकांशी जोडलेल्या माणसांत सहकार कसा रुजतो आणि कसा मोडतो, ते गेम थिअरीच्या (एकाचा फायदा दुसऱ्याच्या चालीवरही ठरतो, अशा निर्णयांच्या गणिताच्या) साध्या खेळांतून तपासायचं. मार्गदर्शक मॅडम एवढंच म्हणाल्या, "आधी एक जुना निकाल स्वतःच्या हातानं उभा कर. मग पुढचं बोलू."

वहीच्या पहिल्या पानावर पाया लिहून ठेवते. कैद्यांचा पेच १९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेत फ्लड आणि ड्रेशर यांनी मांडला. कैद्यांची गोष्ट आणि नाव नंतर आल्बर्ट टकर यांनी दिलं. दोघंजण खेळतात, प्रत्येकापुढे दोनच चाली: सहकार किंवा दगा. समोरचा काहीही करो, आपल्याला दगाच फायद्याचा. दोघंही असाच हिशेब करतात आणि दोघंही तोट्यात जातात. दोघांनी सहकार केला असता तर दोघांचंही भलं झालं असतं, हे दोघांनाही कळत असतं. लहानपणापासून मला या गोष्टीचा त्रास होत आलाय. गावच्या चारीवर (शेतांना पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्यावर), सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर, रेल्वेच्या रांगेत, सगळीकडे हेच.

१९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी या खेळाच्या संगणकी स्पर्धा भरवल्या. पहिल्या स्पर्धेत तज्ज्ञांचे १४ प्रोग्रॅम होते, जोडीला वाटेल तशी चाल खेळणारा एक. जिंकला तो सगळ्यांत छोटा प्रोग्रॅम, ॲनाटोल रॅपोपोर्ट यांचा 'जशास तसे'. पहिली चाल सहकाराची, पुढे समोरचा करेल तसं. पण त्यासाठी आठवण लागते, आणि तोच माणूस पुन्हा भेटावा लागतो. माझा प्रश्न एक पायरी खालचा आहे. ज्यांना कालचं काही आठवत नाही, जे फक्त शेजाऱ्याकडे बघतात, त्यांच्यात सहकार टिकेल का?

२३ ऑगस्ट

जुना निकाल ठरला: मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांचा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला १९९२ चा निबंध. बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनी पट, प्रत्येक घरात एक खेळाडू. तो आठ शेजाऱ्यांशी आणि स्वतःशी एकेक डाव खेळतो. दोघांचा सहकार असेल तर प्रत्येकी १. सहकार करणाऱ्याला दगा दिला तर दगा देणाऱ्याला १ पेक्षा जास्त. या आकड्याला मी 'मोह' म्हणणार आहे. बाकी सगळ्याला शून्य. सगळ्यांची कमाई मोजून झाली, की प्रत्येक जण आपल्यासकट नऊ घरांत ज्याची कमाई सर्वांत जास्त, त्याची चाल उचलतो. सगळे एकाच क्षणी बदलतात. ही झाली एक पिढी.

त्यांच्या चित्रात सहकार निळा आणि दगा लाल. मीही तेच रंग घेतले.

२६ ऑगस्ट

प्रोग्रॅम चालला. मोह १.९, पट २०० बाय २००, सुरुवातीला दहातले नऊ निळे. काही पिढ्यांत सगळं लाल.

तीनदा चालवला, तिन्ही वेळा लाल. निबंधात तर १.८ ते २ च्या दरम्यान निळे-लाल कायम एकमेकांत घुसत राहतात, आणि निळ्यांचं प्रमाण ०.३१८ च्या आसपास स्थिरावतं. रात्री दोनपर्यंत बसले. चूक सापडली नाही.

२९ ऑगस्ट

मॅडमनी कोड बघितलाच नाही. आलेखाचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मधोमध एकच लाल ठेव आणि तीन पिढ्या हातानं काढ."

काढल्या. इथे सगळं लिहून ठेवते, कारण या तीन पिढ्यांनी मला निबंधाच्या चार पानांपेक्षा जास्त शिकवलं.

सगळा पट निळा, मधे एक लाल. त्याचे आठही शेजारी निळे, म्हणून त्याची कमाई ८ गुणिले १.९, म्हणजे १५.२. निळ्याची जास्तीत जास्त कमाई ९: आठ शेजारी आणि एक स्वतः. १५.२ बघून आठही शेजारी लाल होतात. पहिली पिढी: ९ लाल.

आता तीन बाय तीनचा लाल चौकोन. कोपऱ्यातल्या लालला बाहेरचे पाच निळे मिळतात: ९.५. हे ९ पेक्षा जास्त. म्हणून चौकोनाभोवतीचं अख्खं कडं लाल. दुसरी पिढी: २५.

आता पाच बाय पाच. चारही कोपरे पुन्हा ९.५ कमावतात आणि प्रत्येक कोपरा बाहेरची पाच घरं ओढतो: २० नवे लाल. पण प्रत्येक बाजूच्या बरोबर मधला लाल बघा. त्याला बाहेरचे फक्त तीन निळे, कमाई ५.७. त्याच्या समोरच्या निळ्याला तीन लाल शेजारी आहेत, तरी त्याची कमाई ९ वजा ३, म्हणजे ६. कोपरा इतका लांब, की या मधल्या लालच्या नजरेत येतच नाही. ६ बघून तो परत निळा होतो. चार बाजूंचे चार. २५ अधिक २० वजा ४: ४१.

माझा प्रोग्रॅम सांगत होता: १, ९, २५, ४५.

फरक चारचा, आणि ती चार घरं कोणती हे माहीत. मग चूक सापडायला पाच मिनिटं लागली. स्वतःशी खेळायचा डाव मी घातलाच नव्हता. तो नसेल तर समोरच्या निळ्याची कमाई ६ नाही, ५ होते. ५.७ पुढे ५ हरतात, मधला लाल लालच राहतो, आणि सहकाराला आत शिरायला फटच उरत नाही. निबंधातलं ते एक वाक्य मला तांत्रिक तपशील वाटलं होतं. सगळा खेळ त्यावर उभा होता.

३० ऑगस्ट

दुरुस्ती केली. ४१ आले. एका लालपासून निघालेलं चित्र पिढी दर पिढी उमलत जातं, चारही बाजूंनी तंतोतंत सारखं. नोवाक आणि मे यांना त्यात इराणी गालिचे दिसले. मला आजीची ठिपक्यांची रांगोळी दिसली. अर्धा तास नुसती बघत बसले.

१.८ आणि २ या मर्यादा कुठून येतात, तेही आता हातानं निघतं. कोपऱ्यातला लाल पसरायचा तर पाचपट मोह ९ पेक्षा मोठा हवा, म्हणजे मोह १.८ च्या वर. लालांच्या समुद्रात चार निळ्यांचं बेट असेल तर प्रत्येकाची कमाई ४, आणि त्याला टेकलेल्या लालला जास्तीत जास्त दोन निळे. बेट वाढायचं तर दुप्पट मोह ४ पेक्षा लहान हवा, म्हणजे मोह २ च्या खाली. या दोन्हींच्या मधे दगाही पसरतो आणि सहकारही पसरतो, आणि कुणीच संपत नाही. मोठ्या पटावर पुन्हा चालवलं. निळे ०.३१८ च्या आजूबाजूला हलत राहिले.

१६ सप्टेंबर

गणपतीत चार दिवस सुट्टी घेतली, मग नेटानं परत लागले.

आजचं काम: सगळ्यांनी एकाच क्षणी बदलायचं, ही अट काढायची. खऱ्या आयुष्यात कुठला गाव एका ठोक्याला मन बदलतो? १९९३ मध्ये बर्नार्डो ह्युबरमन आणि नॅटली ग्लान्स यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. आता प्रत्येक वेळी एकच घर चिठ्ठी टाकून निवडायचं आणि तेवढंच बदलायचं. बाकी सगळं तसंच, मोह १.९, मधे एक लाल.

रांगोळी गेली. लाल डाग ओबडधोबड वाढत गेला आणि शेवटी सगळा पट लाल.

१८ सप्टेंबर

असं का होतं, ते समजल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं होतं. आज समजलं.

एक लांब सरळ सीमा घ्या. अलीकडे निळे, पलीकडे लाल. सीमेवरचा निळा ६ कमावतो, लाल ५.७. सगळे एकदम बदलले तर लालांची पुढची अख्खी ओळ निळी होते आणि सीमा सरळच राहते. आता एकेक बदलू द्या. ओळीतला एकच लाल निळा झाला. त्याच्या डाव्या-उजव्या लालांना आतापर्यंत तीन निळे शेजारी होते, आता चार झाले: ७.६. मागचे निळे ७ वर. पुढे आलेल्या एकट्याच्या नजरेत सर्वांत मोठी कमाई ७.६, म्हणजे लालची. पुन्हा त्याची पाळी आली, की तो मागे फिरतो.

हे कागदावर उतरवलं तेव्हा खरंच वाईट वाटलं. एकटा पुढे आला की त्याचा फायदा आजूबाजूचे दगेखोर खातात, आणि त्यांचं भरलेलं ताट बघून तो स्वतःही वळतो. अख्खी ओळ एका पावलानं पुढे आली असती तर कुणालाच वळावं लागलं नसतं.

मॅडमनी नोंद वाचली आणि लगेच सावध केलं: यावरून सहकार फक्त संगणकी घड्याळामुळे, म्हणजे सगळे एकदम बदलतात म्हणूनच, टिकतो असं लिहू नकोस. १९९४ मध्ये नोवाक, बॉनहोफर आणि मे यांनी उत्तर दिलंच होतं, की मोह थोडा कमी असेल तर एकेक बदलूनही निळे टिकतात. मी मोह खाली आणत तपासलं. टिकतात.

७ ऑक्टोबर

पट सोडून आता नेटवर्क. पटावर सगळ्यांना आठच शेजारी. माणसांत तसं नसतं, कुणाच्या ओळखी चार, कुणाच्या चारशे. बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी १९९९ मध्ये असं नेटवर्क वाढवायची सोपी कृती दिली: नवा येणारा शक्यतो अशांना जोडून घेतो ज्यांच्या ओळखी आधीच भरपूर आहेत. त्यातून थोडे हब, म्हणजे खूप ओळखी असलेले मोजके जण, तयार होतात.

अशा नेटवर्कवर सहकार कितीतरी सहज टिकतो, हे फ्रान्सिस्को सांतोस आणि जॉर्ज पाशेको यांनी २००५ मध्ये दाखवलं. का, ते समजायला मी दोनच हब घेतले. प्रत्येकाला वीस चेले, दोन्ही हब एकमेकांना जोडलेले. एक हब दगेखोर, दुसरा सहकार करणारा, चेले सगळे निळे. सुरुवातीला दगेखोर हब चेल्यांकडूनच ३८ कमावतो. त्याचे चेले ते बघतात आणि एकेक करून त्याच्यासारखे होतात. आता त्याला लुटायला कुणी उरत नाही, फक्त पलीकडच्या हबकडून १.९. सहकारी हबचे चेले मात्र त्याचंच अनुकरण करून निळे राहतात आणि त्याची कमाई वीसवर टिकते. शेवटी दगेखोर हब वीसकडे बघतो आणि निळा होतो, मागोमाग त्याचे चेलेही.

दगेखोर पुढारी स्वतःच्या यशानंच बुडतो, कारण लोक त्याच्यासारखे वागू लागतात. मला हे फार आवडलं. कदाचित गरजेपेक्षा जास्त आवडलं.

१४ ऑक्टोबर

मॅडमचा प्रश्न: "हबची कमाई मोठी कशामुळे?" मी म्हटलं, तो जास्त जणांशी खेळतो. "आणि जास्त जणांशी खेळायला काहीच लागत नाही? वेळ, पैसा, चहा?"

प्रत्येक ओळखीमागे थोडा खर्च धरला. हबचा फायदा वितळत गेला. नाओकी मासुदा यांनी २००७ मध्ये हेच दाखवलंय. सात दिवसांचा आनंद गेला, पण प्रबंधातून हा भाग गाळणार नाही.

५ नोव्हेंबर, साक्री तालुका

दिवाळीला गावी. आमच्या पांझरा नदीवर फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनीच चालवलेली पाण्याची वाटणी, आहे, निदान तिचं जे उरलं ते आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या. बंधाऱ्याखालची जमीन काही फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले. पाणी फिरवतो तो पाटकरी. त्याचा मेहनताना शेतकरीच देतात. शेकडो वर्षं हे चाललं, कुठल्या सरकारी खात्याशिवाय.

काकांना लॅपटॉपवर पट दाखवला. निळे कोण, लाल कोण, सगळं समजावलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि अहिराणीत जे म्हणाले ते मराठीत असं: "पण हे शेजाऱ्याची कमाई का बघतात? दुसऱ्याला किती पोती झाली ते खळ्यावर कळतं, तेही खरं कळत नाही. आम्ही बघतो ते पाणी कुणी फोडलं."

सकाळी त्यांच्याबरोबर चारीवर गेले. दांड फोडून पाणी वळवलं, तर ओल्या मातीचा वेगळा रंग दोन दिवस दिसतो. ज्याच्या शेतात तो दिसतो त्याला काही विचारावं लागत नाही. आणि तोच माणूस दुसऱ्या फडातही शेजारी असतो, तिथे पाणी त्याच्या आधी आपल्याकडे येतं. माझ्या पटावर यातलं काहीच नाही. तिथे कुणी कुणाचं वागणं बघत नाही, फक्त ताट बघतं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये जगभरची सामाईक पाणी, कुरणं, मासेमारीची उदाहरणं तपासून टिकाऊ व्यवस्थांच्या खुणा सांगितल्या. त्यात एक ही आहे: राखण करणारा वापरणाऱ्यांनाच उत्तरदायी हवा. पाटकरी म्हणजे नेमकं तेच. काका म्हणतात, विहिरी आणि बोअर आल्यावर पाटाची वाट बघणारे कमी झाले, मग भांडायला येणारेही कमी झाले.

२ डिसेंबर

ओत्सुकी, हाउअर्ट, लीबरमन आणि नोवाक, 'नेचर', २००६. या निबंधातला नियम इतका आटोपशीर आहे, की पहिल्यांदा वाचल्यावर मी दार उघडून रूममेटला सांगायला गेले. सहकार करणारा स्वतः काही खर्च सोसतो आणि प्रत्येक शेजाऱ्याला काही लाभ देतो. लाभ भागिले खर्च हे शेजाऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त असेल, तर सहकाराला वाव मिळतो. चार शेजारी असतील तर लाभ खर्चाच्या चौपटीहून जास्त हवा. शेजारी जितके कमी, तितकं सोपं.

शंभर जणांचा पट, प्रत्येकाला चार शेजारी, कडा एकमेकींना जोडलेल्या. सगळ्या लालांत एकच निळा ठेवायचा आणि किती वेळा सगळे निळे होतात ते मोजायचं. निवडीचा जोर, म्हणजे कुणाची चाल पुढे जाईल यावर कमाईचा परिणाम, अगदी कमी ठेवायचा असतो, म्हणून लाखो वेळा चालवावं लागतं. नुसतं नशीब असेल तर शंभरात एकदा. लाभ-खर्च ४.१ ठेवून दोन रात्री संगणक चालू होता, पण निळे नशिबाच्या पुढे जाईनात.

यावेळी कोडवर संशय घ्यायच्या आधी कागद काढला. चारचा नियम अतिशय मोठ्या लोकसंख्येसाठी आहे. शंभर जणांसाठी अचूक मर्यादा ९८ भागिले २३, म्हणजे ४.२६. ४.१ त्याच्या खालीच होतं.

६ डिसेंबर

हा नियम एका अटीवर उभा आहे. आधी कुणीतरी एक मरतो, मग त्याच्या रिकाम्या जागेसाठी त्याचे शेजारी आपापल्या कमाईनुसार झगडतात. मी क्रम उलटा केला: आधी जास्त कमावणारा निवडला जातो, मग त्याची प्रत एखाद्या शेजाऱ्याच्या जागी बसते. लाभ-खर्च कितीही वाढवा, सहकाराला वाव नाही. निबंधातही हे स्पष्ट लिहिलंय.

कारण मला असं दिसतं. पहिल्या क्रमात रिकाम्या जागेसाठी झगडणारे एकमेकांचे शेजारी नसतात, त्यांच्यामधे एक घर असतं. निळ्यानं आपल्या शेजाऱ्याला दिलेला लाभ त्या झगड्यात त्याच्याविरुद्ध जात नाही. दुसऱ्या क्रमात झगडा सगळ्यांशी, त्यात आपण पोसलेला शेजारीही आला.

स्वतःशी खेळलेला एक डाव, एकत्र बदलायचं की एकेक, ओळखीचा खर्च धरायचा की नाही, आणि आता आधी मरण की आधी जन्म. चार महिने मी नेटवर्कचा आकार अभ्यासते आहे असं समजत होते. दरवेळी निकाल उलटवला तो नियमानं. प्रबंधाची प्रकरणं मी नेटवर्कच्या प्रकारांनुसार पाडली होती. ती मोडून नियमांनुसार लावायची परवानगी आज मागितली. मिळाली.

१३ जानेवारी २०२५

माणसांवरचे प्रयोग वाचतेय. स्पेनमध्ये सारागोसाच्या गटानं १,२२९ शाळकरी मुलांना दोन नेटवर्कवर बसवून हाच खेळ खेळवला. ६२५ मुलं पटावर, ६०४ अशा नेटवर्कवर जिथे कुणाला दोन शेजारी, कुणाला सोळा. निबंध २०१२ चा. दोन्हीकडे सहकाराची पातळी जवळपास सारखीच. हबचा फायदा दिसलाच नाही.

कारण वाचलं आणि चारीवरची सकाळ आठवली. मुलं शेजाऱ्यांची कमाई बघून नक्कल करत नव्हती. मागच्या डावात किती शेजाऱ्यांनी सहकार केला आणि आपण स्वतः काय केलं होतं, त्यावर त्यांची पुढची चाल ठरत होती. ताट नाही, वागणं. काकांना फोन केला. ते म्हणाले, "मग? सांगितलं होतं ना."

२७ जानेवारी

शेवटचा प्रयोग: नातं तोडायची मुभा. दर काही डावांनी खेळाडू एका शेजाऱ्याशी संबंध तोडू शकतो आणि दुसऱ्याशी जोडू शकतो. डेव्हिड रँड, आर्बेसमन आणि क्रिस्ताकिस यांनी २०११ मध्ये खऱ्या माणसांवर हे करून दाखवलं होतं. नाती भराभर बदलता आली तर सहकार टिकतो, अडकलेली किंवा फार हळू बदलणारी असतील तर घसरतो. माझ्या आवृत्तीतही संबंध तोडायची संधी वारंवार दिली की लाल ठिपके कडेला एकटे पडत जातात.

फडातून मात्र कुणी उठून जाऊ शकत नाही, जमीन जिथे आहे तिथेच राहते. तिथे नातं तोडण्याचं काम पाटकऱ्याची पाळी आणि दुसऱ्या फडातला तोच शेजारी करतात. हा भाग मी प्रबंधात घातलेला नाही, कारण मोजलेला नाही. तो पुढे कधीतरी नीट मोजायचा आहे.

१० मार्च

प्रबंध दिला. कोड आज ज्युनिअरच्या हवाली केला. त्यानं लगेच मोठा पट चालवायला घेतला. त्याला थांबवून आलेखाचा कागद दिला, मधोमध एक घर लाल रंगवलं आणि म्हटलं, तीन पिढ्या हातानं काढ, ४१ आले की मला हाक मार. पंधरा मिनिटांनी त्यानं हाक मारली. ४५ आले होते.